बर्फ संपतो, वायू संपत नाही

वैशाखातली दुपार आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आहे आणि कोणाचेही चाक हलत नाही. गाडीतला एसी चालू आहे खरा, पण समोरच्या जाळीतून येणारा वारा कोमट आहे. शेजारी बसलेले स्नेही जाणकाराच्या आवाजात निदान करतात, "गॅस संपला असणार. भरून घ्या." आपण मान डोलावतो, दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन पैसे मोजतो, तो उन्हाळा बरा जातो, आणि पुढल्या चैत्रात पुन्हा तोच कोमट वारा, पुन्हा तेच निदान.

"गॅस संपला" या दोन शब्दांचा इतिहास मला आज तुम्हाला सांगावयाचा आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस. इंजिनाच्या झाकणाखाली मी डोके घालावे हे माझ्या विद्यार्थ्यांनाही चमत्कारिक वाटेल. परंतु राजेरजवाड्यांना जसा इतिहास असतो, तसा चुकीच्या समजुतींनाही असतो. आणि एखादी समजूत कोठून आली हे एकदा कळले, की ती सोडून देणे सोपे जाते. ही समजूत मला स्वतःला तीन उन्हाळे महाग पडली आहे. ती हकीगत ओघाने येईलच.

प्रथम आपण जवळजवळ दोनशे वर्षे मागे जाऊ. अमेरिकेत बॉस्टन शहरी फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. त्या तळ्यांतला बर्फ करवतीने कापायचा, लाकडाच्या भुशात नीट रचायचा आणि जहाजात घालून उष्ण देशांत विकायचा, असा त्याचा धंदा. १८३३ साली 'टस्कनी' नावाचे त्याचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावयाचे. तरीही सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोहोचला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३४ साली, अमेरिकेचा बर्फ मुंबईतही उतरला. जमशेटजी जिजीभाईंनी त्या सुमारास पाहुण्यांना जेवणात आइस्क्रीम वाढले आणि यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाले, अशी गोष्ट मुंबईच्या इतिहासात मोठ्या चवीने सांगतात.

पुढे मुंबईच्या किल्ल्यात गोदीजवळ बर्फ साठवण्यासाठी खास बर्फघर उभे राहिले. बर्फ विकत आणायचा, तो वितळला की पुन्हा आणायचा. जहाज उशिरा आले तर शहरात बर्फाचा दुष्काळ! तेल संपते, मीठ संपते, तसा थंडावाही संपतो, ही समजूत तेव्हापासून आपल्या मनात घट्ट बसली. आणि त्या काळापुरती ती अगदी खरी होती. बरोबर शंभर वर्षांनी, १९३४ साली, मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेल गाडीला थंड डबा जोडण्यात आला, तोसुद्धा बर्फाच्या लाद्यांच्या जोरावर. लाद्या वितळत आणि वाटेतल्या ठरावीक स्थानकांवर नव्या भराव्या लागत. म्हणजे शंभर वर्षे 'थंडावा भरून घेणे' हा शब्दप्रयोग यथार्थच होता.

थंडाव्याची दुसरी परंपरा आपली स्वतःची, बर्फाहून कितीतरी जुनी. ती पाण्याची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, आणि वेळ दुपारी साडेतीनची. पुढच्या वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रेल्वे कल्याणला पोहोचली. दोन्ही मुहूर्त भर उन्हाळ्यातले. गारवा हवा असेल तर उपाय एकच, खिडकीतला वारा. बंगल्यांतून वाळ्याचे पडदे सोडीत, त्यांवर सतत पाणी शिंपडण्यास माणूस ठेवीत. पुढे काही रेल्वेडब्यांतही हीच युक्ती करण्यात आली. ओल्या वाळ्यातून वारा आला, की तो गार होऊन येई आणि सुगंधही घेऊन येई.

हे का होते, ते शिक्षकबंधू-भगिनींनी वर्गात अवश्य दाखवावे. फार साहित्य लागत नाही. दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही पंख्याखाली धरा. थोड्या वेळाने ओल्या फडक्याचा तापमापक खाली उतरलेला दिसेल. द्रव पदार्थाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. अंगावरचा घाम वाळला की गार का वाटते, माठातले पाणी थंड का होते, याचे उत्तर हेच. आणि मुलांनो, एसीच्या आत जे घडते तेही मुळात हेच आहे, असे सांगितले तर मुले चकित होतील.

मात्र या पाण्याच्या उपायाला आपल्या भागात एक अडचण आहे. जळगाव-नागपूरकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, म्हणून तिकडे वाळ्याच्या गवताचे कूलर झकास चालतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली हा खाडीकाठचा मुलूख. इथली हवाच पाण्याने भिजलेली. भिजल्या हवेत आणखी पाणी वाफ होऊन मावणार किती? म्हणून इथे फडक्याचा तापमापक थोडासाच उतरतो, माठ बेताचाच गार होतो आणि कूलर लावला तर खोलीत दमटपणा तेवढा वाढतो. तेच दोन तापमापक खानदेशातल्या एखाद्या शिक्षकमित्राला पाठवा आणि दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. भूगोलाचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही.

आता पुन्हा १८३४ कडे वळू. मुंबईच्या धक्क्यावर अमेरिकेचा बर्फ उतरला त्याच वर्षी, तिकडे लंडनमध्ये जेकब पर्किन्स नावाच्या एका अमेरिकी माणसाने थंडी उत्पन्न करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याची कल्पना अशी : माठातले पाणी वाफ होऊन हवेत निघून जाते, म्हणून पुन्हा भरावे लागते. ती वाफ जाऊच दिली नाही तर? तिला बंद नळीत धरायचे, पंपाने दाबायचे, दाबल्यावर तापलेली वाफ बाहेरच्या बाजूला निववून पुन्हा तिचा द्रव करायचा आणि तोच द्रव पुन्हा वाफ व्हावयास आत सोडायचा. तोच पदार्थ, पुन्हा पुन्हा, वाया न जाता. पर्किन्सने पाण्याऐवजी ईथर वापरले. नंतरच्या लोकांनी इतर द्रव्ये वापरली. परंतु आजचा घरातला फ्रिज, दवाखान्यातली लशींची पेटी, दूधसंघातली शीतटाकी आणि तुमच्या-आमच्या गाडीतला एसी ही सारी याच फेऱ्यावर चालतात.

एकाच वर्षात जन्मलेल्या या दोन गोष्टींतला फरक नीट ध्यानात घ्या. बर्फ हा संपणारा माल होता. पर्किन्सचा द्रव हा फिरणारा नोकर होता. उष्णतेचे गाठोडे आतून उचलायचे, बाहेर टाकायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. नोकर थकत नाही, झिजत नाही. तो नाहीसा झाला, तर त्याचा अर्थ एवढाच, की घराचे एखादे दार उघडे राहिले आहे. यंत्र बदलले, पण आपली भाषा मात्र बर्फाचीच राहिली. 'गॅस संपला' हे वाक्य बर्फघराच्या काळातले आहे.

मोटारीत हे यंत्र आले त्याला फार दिवस झाले नाहीत. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली शिकागोच्या प्रदर्शनात कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी मांडली. थंडावा देणारी कॉइल गाडीच्या मागच्या सामानाच्या जागेत. गंमत अशी, की तिच्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. इंजिन फिरते तोवर पंप फिरायचा. हिवाळ्यात नको असेल तर इंजिन बंद करून, झाकण उघडून, पट्टाच काढून ठेवावा लागे. हा प्रकार दोन-तीन वर्षांतच बंद पडला. पुढे १९५० च्या दशकात तिकडच्या कंपन्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि १९५४ साली नॅश कंपनीने सगळे यंत्र गाडीच्या पुढच्या भागात, आटोपशीर जागेत बसवून दाखवले. आज आपण झाकण उघडून जी मांडणी पाहतो, ती साधारण तिथून आली.

आपल्याकडे काय चालले होते? ठाणे जिल्ह्याचा या इतिहासाशी संबंध थोडाथोडका नाही. १९४३ साली मोहन अडवाणी यांनी मुंबईत ब्लू स्टार ही संस्था काढली, ती दोन माणसांनिशी. आणि आरंभीचे काम कोणते? तर जुने एसी व फ्रिज दुरुस्त करून देण्याचे. १९५४ साली टाटा आणि स्वित्झर्लंडची व्होल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून व्होल्टास कंपनी स्थापन केली. या दोन्ही कंपन्यांचे कारखाने पुढे ठाण्यात पोखरण रस्त्याच्या परिसरात उभे राहिले. ठाणे आणि आसपासच्या कितीतरी घरांतल्या माणसांची हयात या कारखान्यांत गेली.

मोटारीच्या बाजूने पाहिले तर वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० गाडी निघू लागली, तीच पुढे 'पद्मिनी' या नावाने घराघरांत पोहोचली. त्या गाडीत एसी म्हणजे चैन. हौशी माणूस तो बाहेरून बसवून घेई. बहुतेकांचा एसी म्हणजे दारावरची तिकोनी काच, ती वाऱ्याकडे वळवली की झाले. प्रीमियरचा दुसरा कारखाना कल्याण-डोंबिवलीच्या शिवेवर, याच कल्याण-शीळ रस्त्यालगत होता. १९९० च्या दशकात तिथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत ३०९ ही गाडी बनत असे. ती भागीदारी फार टिकली नाही. आज जुन्या माणसांच्या बोलण्यात 'प्रीमियर'चे नाव खूण म्हणून येते. एव्हाना १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली होती, तिची एसीवाली आवृत्तीही मिळू लागली होती, आणि १९८५ साली स्थापन झालेल्या सुब्रोस कंपनीने मोटारीचे एसी देशातच बनवण्यास घेतले होते. अशा रीतीने शेटजींची चैन हळूहळू मास्तरांच्या गाडीत येऊन बसली.

आता माझी हकीगत. मी एक जुनी गाडी घेतली. पहिल्या उन्हाळ्यात एसी कोमट झाला, गॅस भरला. दुसऱ्या उन्हाळ्यात भरला. तिसऱ्यातही भरला. गॅरेजवाल्याने तिन्ही वेळा "साहेब, गॅस संपतोच" असे सांगितले आणि मी तिन्ही वेळा ते ऐकले. चौथ्या चैत्रात आमच्या इमारतीतले नाना खाली भेटले. ठाण्याच्या एका एसीच्या कारखान्यातून ते निवृत्त झालेले.

"काय प्रोफेसर, निघालात कुठे?"

"गॅस भरायला, नाना."

"घरच्या फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात भरता का हो?"

मी म्हटले, "नाही. तो बारा वर्षांचा आहे, कधीच भरला नाही."

"मग गाडीतलाच गॅस कोण पितं?"

या प्रश्नावर मी निरुत्तर झालो, हे इथे कबूल करतो. नानांनी झाकण उघडावयास लावले, चष्मा पुसला आणि पुढच्या जाळीजवळच्या एका नळीच्या जोडावर बोट ठेवले. तिथे काळपट, तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटली होती. गॅसबरोबर नळीतून थोडे तेलही फिरत असते. गॅस निसटतो तिथे तेलही झिरपते. गॅस दिसत नाही, पण तेल चाडी करते. आतली रबरी कडी चिरलेली होती. तिची किंमत दोन कप चहाएवढी. ती बदलली, गॅस मोजून भरला, आणि त्यानंतर मी गॅस भरलेला नाही.

नानांनी एक खुलासाही केला, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. फ्रिजचे यंत्र पोलादी डब्यात कायमचे बंद असते. गाडीचा कॉम्प्रेसर मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो; त्याचा दांडा बाहेर येतो, तिथे सील असते, आणि काही नळ्या रबरी असतात. म्हणून बऱ्याच वर्षांत थोडाफार गॅस झिरपणे स्वाभाविक आहे. पण दर वर्षी संपत असेल, तर ती गळती समजावी. आणि पावसाळ्या-हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे सीलला तेल मिळून ते सुकत नाही.

गॅरेजात जाण्यापूर्वी घरच्या घरी काय पाहता येते, ते आता क्रमाने सांगतो. मात्र एक ताकीद आधी : इंजिन चालू असताना पट्टा आणि पंखा यांच्याजवळ हात, ओढणी, पदर काही नेऊ नये. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

पहिली गोष्ट, वारा कमी येतो आहे की वारा भरपूर आहे पण कोमट आहे, हे ठरवा. वाराच कमी असेल तर दोष बहुधा गॅसचा नसतोच. पुष्कळ गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे हवा गाळणारी जाळी असते. आपल्या भागात बांधकामे आणि रस्त्यांची कामे बाराही महिने. ती धुळीने गच्च होते. ती काढून पाहणे पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी, क्लच. पॅकार्डला जो नव्हता तो आपल्या बहुतेक गाड्यांना आहे. एकाने आत बसून एसीचे बटण दाबावे, दुसऱ्याने बाहेर दूर उभे राहून ऐकावे. 'टक्' असा आवाज येऊन कॉम्प्रेसरची पुढची चकती फिरू लागली पाहिजे. काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतो, तिथे ही परीक्षा लागू नाही. 'टक्' आलाच नाही तर फ्यूज पाहा. तो जळाला असेल किंवा पावसाळ्यात उंदराने वायर कुरतडली असेल. फ्यूज ठीक असेल, तर गॅस फार कमी झाल्यामुळे सुरक्षेच्या बटणाने यंत्र रोखून धरले असण्याचाही संभव आहे.

तिसरी, आणि आपल्या रस्त्यांवर सर्वांत उपयोगी. गाडी पळताना हवा गार आणि शीळफाट्याच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत उभी राहिली की कोमट, असे होते का? मग गॅसचे नाव घेण्याआधी पुढचा पंखा पाहा. नोकराने आणलेले उष्णतेचे गाठोडे कंडेन्सरवर, म्हणजे गाडीच्या नाकाजवळच्या जाळीवर, टाकायचे असते. गाडी पळत असली की वारा ते उचलून नेतो. उभी असली की ते काम पंख्याचे. पंखा फिरत नसेल, किंवा जाळीत चिखल, पाने, किडे अडकले असतील, तर गाठोडे तिथेच पडून राहते. गाडी थंड झाल्यावर, इंजिन बंद करून, साध्या पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिच्या नाजूक पात्या वाकतात.

चौथी, तापमापक. बटण दाबून दहा मिनिटे झाल्यावर, काचा बंद आणि आतलीच हवा फिरती ठेवून, मधल्या जाळीत साधा तापमापक धरा. तापाचा नको बरं का. तो पस्तीस अंशांच्या खाली बहुधा उतरतच नाही! बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश खाली उतरला, तर यंत्र आपले काम करते आहे.

पाचवी, गाडीखालचे पाणी. एसी चालवल्यावर गाडीखाली पाण्याचे थेंब पडतात आणि लोक घाबरतात. ते आपल्या खाडीकाठच्या हवेतले पाणी. गार कॉइलवर जमते आणि नळीवाटे खाली पडते. ते स्वच्छ, बिनवासाचे असेल तर शुभचिन्ह समजावे. उलट थेंब पडणे थांबले आणि आतल्या पायपुसण्या ओल्या होऊ लागल्या, तर ती नळी तुंबली आहे.

आणि सहावी, नानांनी दाखवलेला तेलकट डाग. तो शोधण्यास फक्त डोळे आणि एक टॉर्च लागते.

इथे घरची हद्द संपते. नळी उघडू नये, आणि बाटलीतला गॅस घरी भरू नये. आजच्या बहुसंख्य गाड्यांत असणारा आर-१३४ए हा वायू मोकळ्या हवेत शून्याखाली २६ अंशांवरच उकळतो; त्याचा फवारा हातावर वा डोळ्यात गेला तर क्षणात इजा होते. स्वस्तात मिळणारा भलताच वायू ज्वालाग्राही असू शकतो. आणखी एक : एसी लावून, बंद जागेत इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये. त्या धुराने माणसे दगावतात.

गॅरेजात मात्र तीन प्रश्न अवश्य विचारावे. गळती कुठे सापडली? नळ्या पंपाने निर्वात केल्यावर तो निर्वातपणा टिकला का? आणि किती ग्रॅम गॅस भरला? कोणता वायू किती भरावयाचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा जवळपास चिठ्ठीवर छापलेले असते. जास्त भरला म्हणजे जास्त गार, असे नाही. उलट यंत्रावर भार येतो. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा कारागीर भेटला, तर त्याला धरून ठेवावे.

श्रोतेहो, गळती शोधल्याशिवाय गॅस भरल्याने माझे तीन वेळचे पैसे गेले, एवढ्यावर हा विषय संपत नाही. निसटलेला वायू जातो कुठे? याचाही इतिहास आहे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत टॉमस मिजले यांच्या चमूने फ्रिऑन नावाचा वायू शोधला. तो जळत नव्हता, विषारी नव्हता. सगळ्यांना वरदान वाटला. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी इशारा दिला, की हा वायू वर जाऊन ओझोनचे कवच खातो. १९८५ साली अंटार्क्टिकावरील कवच विरळ झाल्याचे दिसून आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला आणि २०१० पर्यंत आपण हे वायू जवळजवळ सर्व वापरांतून काढून टाकले. जगाने एकत्र येऊन एक चूक दुरुस्त केली, याचे असे उदाहरण इतिहासात विरळा.

त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण तो पृथ्वी तापवतो, आणि वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट. लहान गाडीत ४०० ग्रॅम गॅस असतो असे धरा. तो सगळा गळून गेला, तर सुमारे २४० लिटर पेट्रोल जाळल्याइतकी हानी होते. मी असे तीनदा केले. म्हणूनच २०१६ साली किगाली येथे या वायूंचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले, आणि २०२१ साली भारताने त्यास मान्यता दिली. मोठमोठे करार दूर देशी होतात. परंतु ते पाळले जातात की नाही, हे चिरलेल्या रबरी कडीपाशी ठरते.

१८५३ साली एप्रिलच्या उन्हात ज्या मार्गावरून पहिली गाडी ठाण्यास आली, त्याच मार्गावर डिसेंबर २०२० पासून वातानुकूलित लोकल कल्याणपर्यंत धावू लागली. तिच्या छपरावरच्या यंत्रांत पर्किन्सचाच फेरा फिरतो आहे. कोणत्याही स्थानकावर तिच्यात बर्फाच्या लाद्या भराव्या लागत नाहीत.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात कोणी तुम्हाला म्हणाले, "गॅस संपला," तर रागावू नका. तो माणूस बर्फघराच्या काळातली भाषा बोलतो आहे, एवढेच. त्याला शांतपणे विचारा, "संपला नाही हो, गेला. कुठून गेला, ते आधी पाहू या."